विषाच्या एक पायरी अलीकडे

सांडपाण्याच्या रसायनशास्त्रात बहुतेक जण विष शोधायला येतात. या पुस्तकातला शोध त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. आज निरुपद्रवी असलेले, पण निर्जंतुकीकरणात घातक रूप घेणारे द्रव्य, म्हणजेच पूर्वद्रव्य, आधीच कसे ओळखायचे?

क्लोरीन आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मिळून क्लोरोफॉर्म बनतो, हे रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी 1974 साली दाखवले. सांडपाण्यात अमोनियाही असतो. त्यामुळे क्लोरीनचे क्लोरामाइन होते आणि त्यातून एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे संयुग तयार होऊ शकते. कॅलिफोर्नियात लिटरमागे 10 नॅनोग्रॅम एवढ्यावरच त्याची दखल घ्यावी लागते.

तिथल्या ऑरेंज काउंटीत 2008 पासून शुद्ध केलेले सांडपाणी भूजलात मुरवतात. गाळणपटलांवर जिवाणूंचा थर बसू नये म्हणून क्लोरामाइन मुद्दाम घालतात. एनडीएमएचा रेणू इवलासा आणि भाररहित. तो पटलातूनही काही प्रमाणात निसटतो. पुढे अतिनील किरण त्याला फोडतात. पण पूर्वद्रव्ये आणि उरलेले क्लोरामाइन सोबतीने पुढे गेले, की एनडीएमए पुन्हा तयार होतो.

मग पूर्वद्रव्ये मोजायची कशी? रूढ चाचणीत नमुन्यात लिटरला 140 मिलिग्रॅमपर्यंत मोनोक्लोरामाइन घालून दहा दिवस थांबतात आणि किती एनडीएमए झाला ते पाहतात. ही दमदाटी करून घेतलेली जबानी आहे. एकूण गुन्हा किती, हे कळते; गुन्हेगार कोण, ते कळत नाही. प्रकल्पात प्रत्यक्ष किती एनडीएमए बनेल, हेही ती सांगत नाही. तरीही आकडे तसे वाचणारे अहवाल निघतातच!

पहिला संशय डायमिथिलअमाइनवर होता. पण विल्यम मिच आणि डेव्हिड सेडलॅक यांच्या 2004 च्या अभ्यासात दिसले, की जैविक प्रक्रियेत ते बरेचसे नाहीसे होते. इतर पूर्वद्रव्ये चिवटपणे उरतात. शिवाय डायमिथिलअमाइनचे एनडीएमएत रूपांतरही जेमतेम काही टक्के होते. उलट आपल्याकडे घरोघरी परिचित असलेले आम्लपित्तावरचे रॅनिटिडीन निम्म्याहून अधिक रूपांतरित होऊ शकते. त्यातला डायमिथिलअमाइनचा तुकडा फ्युरानच्या कड्यापासून एकाच कार्बनच्या अंतरावर असतो. रेणूच्या रचनेकडे पाहून संशयित हेरण्याची गोडी इथूनच लागते.

ओळख पटलेल्या द्रव्यांची बेरीज चाचणीतल्या एकूण आकड्याच्या बरीच मागे राहते. ती तफावत ज्यांना खुणावते, त्यांचे इथे स्वागत. पहिले प्रकरण नमुना घेण्याविषयी आहे. बाटलीतले उरलेले क्लोरीन वेळीच थोपवले नाही, तर प्रयोगशाळेच्या वाटेवरच पूर्वद्रव्ये खर्ची पडतात.