दिनविशेष, २० जानेवारी : विल्यम लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन

२० जानेवारी १८२३ रोजी लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन यांचे आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना वाटेतच त्यांना मृत्यूने गाठले. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्यांनी सुरू केलेली भारताची महात्रिकोणमितीय मोजणी तेव्हा अपुरीच होती.

ती त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. नेपाळची सरहद्द मोजणीदारांना बंद होती. म्हणून जवळपास पावणेदोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही दूर, तराईतल्या ठाण्यांवरून शिखरांचे कोन घेतले गेले. राधानाथ सिकदार आणि इतर गणकांच्या आकडेमोडीतून ‘शिखर १५’ जगात सर्वोच्च ठरले. १८५६ मध्ये जाहीर झालेली त्याची उंची होती २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर आहे. पर्वतावर पाऊल न ठेवता केलेल्या मोजणीत फरक जेमतेम नऊ मीटरचा! हिवताप आणि जंगल सोसून साखळ्या ओढणाऱ्या, झेंडे रोवणाऱ्या देशी खलाशांचाही या अचूकतेत मोठा वाटा आहे.

लॅम्बटन यांच्या योजनेला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली यांचा पाठिंबा होता. त्यांनीच सप्टेंबर १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांविरुद्धची लढाई जिंकली. नकाशा ही विज्ञानाइतकीच सत्तेचीही गरज होती.

शिखराला नाव एव्हरेस्ट यांचे मिळाले. लॅम्बटन यांची कबर हिंगणघाटात आहे. शाळांच्या सहलींनी तिथे आवर्जून थांबावे.