ध्वनीचें सत्य व श्रोत्याची रुचि

आवडत्या वस्तूचें मोल ठरवितांना मनुष्य बहुधा आपल्या आवडीलाच सत्याचें नांव देतो. उंची हेडफोनच्या रसिकांत जो वाद चालतो, त्याच्या मुळाशीं हीच गोष्ट आहे असें आम्हांस वाटतें. जो नाद एकास यथार्थ वाटतो तोच दुसऱ्यास कर्कश वाटतो, आणि दोघेही आपलाच कान प्रमाण मानितात. निवाड्यापूर्वीं ह्या वादाचा इतिहास पाहणें इष्ट होय.

प्रारंभीं हेडफोन हें संगीताचें साधन नव्हतें. १९१० सालीं अमेरिकेच्या युटा संस्थानांतील नॅथॅनिएल बाल्डविन ह्यानें आपले हेडफोन आरमाराकडे पाठविले, तेव्हां संदेश ऐकूं आला म्हणजे कार्य झालें. नादाच्या गोडीची चौकशी कोण करणार? १९३७ मध्यें बर्लिनच्या बायर कारखान्यानें डीटी ४८ काढला. १९५८ मध्यें मिलवॉकीच्या जॉन कॉसनें स्टीरिओ संगीतासाठीं हेडफोन पुढें आणला, तर १९६० मध्यें जपानच्या स्टॅक्सनें विद्युद्भारित पातळ पडद्याचा. अशा रीतीनें तें साधन संदेशवाहकाकडून रसिकाकडे आलें, आणि तेथेंच मतभेदास आरंभ झाला.

सेनहायझर ह्या एकाच जर्मन कारखान्याचीं दोन अपत्यें पाहा. २००३ सालच्या एचडी ६५० चा नाद मऊ व भरदार; गायक जवळ बसून गात आहे असें वाटावें. २००९ सालच्या एचडी ८०० मध्यें वाद्यें ऐसपैस मांडल्यासारखीं भासतात व बारकावे स्पष्ट होतात. परंतु सेकंदास सहा हजार कंपनांच्या आसपासचे स्वर इतके उठावतात कीं, कित्येकांस झांजेचा ध्वनि बोचतो. पुढें एचडी ८०० एस मध्यें हा उठाव शोषून घेण्याची योजना करण्यांत आली. तरीही पहिलाच बरा म्हणणारे आहेतच!

मग यथार्थ कोणता? समोरून येणारा ध्वनि डोकें, कानाची पाळी व कर्णनलिका ह्यांच्या योगें बदलून आंत पोंचतो. सुमारें तीन हजार कंपनांच्या स्वरांस त्यामुळें विशेष जोर येतो. हेडफोन कानाशींच असल्यामुळें हा संस्कार बराचसा त्यालाच करावा लागतो, आणि प्रत्येकाचा कान तर निराळा. २०१२ नंतर शॉन ऑलिव्ह व त्याचे सहकारी ह्यांनीं हेडफोनचें नांव कळूं न देतां श्रोत्यांच्या परीक्षा घेतल्या. बहुसंख्यांनीं चांगल्या खोलींतील चांगल्या लाउडस्पीकरसारखा नाद पसंत केला. मात्र खर्जाचे स्वर कोणास अधिक हवे होते, कोणास कमी. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या येरून ब्रेबार्टच्या पाहणींत २८३ हेडफोनांची किंमत व त्यांचा स्वरसमतोल ह्यांत कांहीं संबंध आढळला नाहीं.

तेव्हां 'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण येथें अर्धीच खरी ठरते. रुचि अगदीं स्वैर नाहीं, तशी सर्वांची एकही नाहीं. मुलानें निराळा हेडफोन पसंत केला म्हणून वडिलांनीं त्याचा कान असंस्कृत समजूं नये. आणि किंमत पाहून आपल्या कानावरचा विश्वास तर कोणीच गमावूं नये. नांव झांकून, ओळखीचें गाणें लावून ऐकावें. कानाची साक्ष तेव्हांच निःपक्षपाती होते.