चैत्रातील कावड आणि पाण्याचा इतिहास : शिखर शिंगणापूरच्या यात्रेचे एक वाचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील तीर्थयात्रांचा विचार करू लागले की अभ्यासकाची दृष्टी प्रथम पंढरीच्या आषाढी वारीकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. वारीच्या पाठीशी संतवाङ्मयाचा मोठा लेखी आधार उभा आहे. परंतु पाऊस तोंडावर आलेला असताना निघणाऱ्या या वारीच्या जोडीनेच, भर चैत्राच्या उन्हात डोंगरमाथ्यावरील देवांकडे जाणाऱ्या यात्रांची एक स्वतंत्र परंपरा येथे नांदत आली आहे. चैत्र पौर्णिमेस सासनकाठ्या घेऊन वाडी रत्नागिरीच्या जोतिबाकडे जाणारे भाविक आणि चैत्र शुद्ध पक्षात कावडी घेऊन शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाकडे जाणारे भाविक ही या परंपरेची दोन ठळक उदाहरणे होत. यांपैकी शिंगणापूरच्या यात्रेचा येथे विचार करावयाचा आहे. (अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे स्थान निराळे. या दोन नावांची गल्लत आजही सुशिक्षितांकडून होते.)

शिंगणापूरविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात भोसले घराण्याचे कुलदैवत हाच विषय प्रामुख्याने आला आहे. या राजकीय संबंधाच्या प्रकाशात यात्रा चालविणारी माणसे मात्र अंधारात राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ही माणसे जे वाहून आणतात ते पाणी आहे. ते ज्या प्रदेशात आणि ज्या महिन्यात आणले जाते त्याचा विचार केल्याशिवाय या यात्रेचा इतिहास पूर्ण होत नाही.

प्रदेश आणि काळ

शिखर शिंगणापूर हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, शंभुमहादेव डोंगररांगेत समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसले आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पावसाळ्यात घराबाहेर पडणे कठीण होते, तर पर्जन्यछायेतील माणमध्ये पावसाची वाट पाहण्यातच पावसाळा सरतो. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, शतकाच्या अखेरचे १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकाने या मुलखाला मराठी साहित्यात कायमची जागा मिळवून दिली.

येथील शेती मुख्यत्वे ज्वारी-बाजरीची. चैत्र उजाडतो तेव्हा रब्बीची ज्वारी काढून झालेली असते, खळी आटोपलेली असतात, बैल मोकळे असतात आणि खरिपाच्या पेरणीला अद्याप अवकाश असतो. शेतकऱ्याला आठ-दहा दिवस घर सोडता येईल असा हाच काळ होय. मात्र याच काळात विहिरींनी तळ गाठलेला असतो. म्हणजे माणसांची सवड आणि पाण्याची टंचाई ही दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात. ज्या दिवसांत घागरभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, त्याच दिवसांत रांजणभर पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटर खांद्यावरून नेऊन देवाला घालावयाचे, यातील अर्थ धार्मिक तर आहेच, पण तो तेवढ्यावर थांबत नाही.

राजघराणे आणि तळे

शिंगणापूर हे नाव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाशी जोडले जाते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या राजाच्या काळात स्थानाला महत्त्व आले, ही परंपरा सर्वमान्य आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' या ग्रंथात पुढची पायरी गाठली. भोसल्यांचा मूळ पुरुष बळिप हा गदगजवळील सोरटूर येथून सातारा परिसरात आला, त्याचे नाते होयसळ कुळाशी होते आणि त्याने श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाची उपासना येथे आणली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथील बळी महादेवाच्या मंदिराचाही त्यांनी या संदर्भात विचार केला. या प्रतिपादनावर बरीच चर्चा झाली. शंभुमहादेवाचा दक्षिणेशी असलेला संबंध त्यांनी लक्षात आणून दिला हे निर्विवाद आहे. परंतु वंशावळीचा जो धागा त्यांनी जोडला तो पुष्कळ अंशी नामसादृश्यावर उभा आहे, आणि तो सिद्ध झाला असे समजून पुढे जाणे धाडसाचे ठरेल. शिवाय तो पूर्णतः मान्य केला तरी देव कोणी आणला एवढेच त्यातून कळते. चैत्रात दरवर्षी डोंगर कोण चढते आणि का चढते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारा पुरावा मालोजीराजे भोसल्यांच्या तळ्याचा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळी मालोजींनी शिंगणापूर येथे मोठे तळे बांधून यात्रेकरूंची पाण्याची अडचण दूर केली, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. मालोजींना वेरूळ येथे देवीच्या कृपेने द्रव्य सापडले, ते चांभारगोंद्याच्या शेषाप्पा नाइकांकडे ठेवण्यात आले आणि त्यातून धर्मकृत्ये झाली, असे बखरकार सांगतात. द्रव्याची कथा बाजूला ठेवू. तळे मात्र कथा नव्हे, ते प्रत्यक्ष आहे. एखाद्या उगवत्या सरदाराला स्वखर्चाने डोंगरावर तळे बांधावेसे वाटले याचा अर्थ, पाण्याची उणीव ठळकपणे जाणवेल इतकी गर्दी तेथे तत्पूर्वीच जमत होती. यात्रा भोसल्यांनी सुरू केली नाही, तर चालू असलेल्या यात्रेची सोय करून त्यांनी लोकांच्या मनात स्थान मिळविले, असे अनुमान यावरून काढता येते. पुढे छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत (१७०८-१७४९) मंदिराचा जीर्णोद्धार झाला. शहाजीराजे, शिवाजी महाराज व संभाजी महाराज यांची म्हणून जी स्थाने तेथे दाखविली जातात, त्यांना लोक समाधी म्हणत असले तरी ती स्मृतिस्थाने होत. शहाजीराजांचे निधन १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे झाले, शिवाजी महाराजांचे १६८० मध्ये रायगडावर आणि संभाजी महाराजांचा वध १६८९ मध्ये भीमातीरी झाला.

कावड

चैत्र शुद्ध पक्षात येथे शिवपार्वतीचे लग्न लागते. पंचमीस हळद, अष्टमीस विवाह, आणि त्याच दिवशी शंभुमहादेवाच्या शिखरापासून बळी महादेवाच्या शिखरापर्यंत कापडाचा लांबच लांब ध्वज बांधला जातो. गाभाऱ्यातील दोन लिंगे शिव आणि शक्ती यांची मानली जातात. लग्नघरी जसे दूरदूरचे सोयरे यावेत तसे निरनिराळ्या भागांतील लोक आपापला मान घेऊन येतात. कावडींचा मुख्य दिवस मात्र द्वादशीचा, म्हणजे लग्नानंतरचा आहे. तेव्हा हे पाणी लग्नाच्या न्हाणासाठी येते असे म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात शिवलिंगावर अभिषेकपात्र टांगून संततधार धरण्याची जी चाल सर्वत्र आहे तिच्याशी याचे नाते अधिक जवळचे दिसते. तापलेल्या देवाला आणि त्याच्या निमित्ताने तापलेल्या भूमीला थंड करणे, ही त्यामागील धारणा असावी.

या कावडींमध्ये अग्रमान सासवडच्या भुतोजी तेली यांच्या कावडीचा आहे. कऱ्हा नदीचे पाणी भरलेली ही कावड आणि तिच्यासोबत पंचक्रोशीतील इतर गावांच्या कावडी पुरंदरहून निघतात, नीरा ओलांडतात आणि फलटणच्या मुलखातून शिखराच्या पायथ्याशी येतात. कऱ्हेची उत्पत्ती ब्रह्मदेवाच्या कऱ्यातून, म्हणजे कमंडलूतून, झाल्याची कथा आहे. भांड्यातून निघालेली नदी पुन्हा भांड्यात भरून डोंगरावर जाते, हे लक्षणीय आहे. वाटेत नीरेसारखी मोठी नदी लागत असतानाही पाणी कऱ्हेचेच न्यावयाचे, कारण आपल्या गावचे पाणी नेण्यातच गावाचा मान आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या ग्रंथात शिंगणापूरच्या यात्रेचा विस्ताराने अभ्यास केला असून, अशा चालण्यातून लोकांच्या मनात प्रदेशाची कल्पना कशी आकार घेते हे त्यांनी दाखविले आहे. त्यांच्या विवेचनास एक जोड द्यावीशी वाटते. हा प्रदेश पाणी असलेल्या आणि पाणी नसलेल्या गावांना जोडणारा आहे. पाण्याची वाटणी प्रत्यक्षात कधी झाली नाही, ती वर्षातून एकदा खांद्यावरून होते.

अग्रमान तेली समाजाकडे असणे हेही इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. याच समाजातील संताजी जगनाडे यांचे नाव तुकोबांच्या अभंगांच्या वह्यांमुळे लिखित परंपरेत राहिले. भुतोजींच्या बाबतीत अशी वही नाही. त्यांचे स्मरण राहिले ते कावडीमुळे आणि ती उचलणाऱ्या माणसांमुळे. कागदपत्रांत सनदा आणि इनामे सापडतात, पण कावडीचा खांदा कोणत्या घराने कोणत्या वळणावर द्यावयाचा याचा कागद होत नाही. तो संकेत पाळला जातो आणि म्हणून टिकतो.

मुंगी घाट

द्वादशीच्या दुपारी कावडी सोलापूर जिल्ह्यातील कोथळे गावाच्या बाजूने मुंगी घाट चढू लागतात. शिखरावर जाण्यास गाडीरस्ता आहे. तरी मानाच्या कावडी या अवघड वाटेनेच चढतात. उन्हाने तापलेला कातळ, घसरणारी माती, खांद्यावर पाण्याने भरलेले वजनदार रांजण, आणि वरच्याने खालच्याला हात देत उभी केलेली माणसांची साखळी असे हे चढणे असते. ऐन कड्यावर देवाला 'म्हाद्या, धाव' अशी एकेरी हाक पडते. कुलीन भक्तीच्या चौकटीत ही हाक उद्धट वाटेल, परंतु जो त्याच्यासाठी पाणी घेऊन आला आहे त्याचा तो हक्क आहे. देवाने धावावे ही येथे प्रार्थना कमी आणि तगादा अधिक असतो.

प्रशासनाच्या लेखी हा प्रश्न गर्दीचा आहे, आणि ती काळजी अनाठायी नाही. याच जिल्ह्यात वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत डोंगरावरील अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेच्या चौकशीसाठी न्या. राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला. मात्र दोन ठिकाणच्या रचनेतील फरक लक्षात घेतला पाहिजे. मांढरदेवीची गर्दी एका दिवशी, एका वाटेवर, एकमेकांना अनोळखी अशा कुटुंबांची होती. मुंगी घाटात कावड चढविणारे लोक गावागावांचे, परस्परांना नावाने ओळखणारे असतात. कोणी कोठे उभे राहावयाचे आणि कोणाच्या हाकेवर पाऊल टाकावयाचे हे त्यांनी वडिलांच्या मागून चढताना शिकलेले असते. धोका आता आहे तो सभोवती जमणाऱ्या प्रेक्षकांकडून. कावडीबरोबर चालत न येता गाडीने पायथ्याशी उतरून घाटात शिरणाऱ्यांची संख्या वाढली, तर ही जुनी शिस्त तिच्या मर्यादेपलीकडे ताणली जाईल. बंदोबस्त आखताना कावडीच्या मानकऱ्यांचा सल्ला प्रथम घेतला जावा, कारण त्या वाटेवरील प्रत्येक दगड त्यांच्या पायाखालचा आहे.

सायंकाळी कावडी माथ्यावर पोहोचतात आणि कऱ्हेचे पाणी शंभुमहादेवाच्या लिंगावर घातले जाते. रिकामे रांजण घेऊन लोक खाली उतरतात तेव्हा माणमधील विहिरी तशाच कोरड्या असतात, आणि पाऊस आणखी किमान दोन महिने दूर असतो.