ताठ कणा, वाकलेले हँडल

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने सायकल घेतली. शिवाजी नगरातील क्वार्टरच्या व्हरांड्यात ती आली तेव्हा आम्ही कौतुकाने उठून पाहावयास गेलो. काळपट राखी रंग, बोटभर रुंदीचे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल आणि त्या हँडलापेक्षा चांगली वीतभर उंच सीट. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, एवढेच काय, उभी करावयास स्टँडही नाही. पैसे कमी पडले की काय, असा भाबडा प्रश्न आम्ही विचारला. नातू हसला. "आजोबा, हे सगळं लावलं तर शोभत नाही. रोड बाईक अशीच असते." मग त्याने आम्हांस त्या पंथाचे आचार समजावून दिले. हँडल जितके खाली तितके भारदस्त. टायरवरील नाव हवेच्या वॉल्व्हसमोर आले पाहिजे. वॉल्व्हचे टोपण काढून टाकायचे. मोज्यांची उंचीसुद्धा ठरलेली. सोवळ्याओवळ्याचे नियम आमच्या आजीने इतक्या निष्ठेने सांगितले नव्हते.

त्याच व्हरांड्यात, भिंतीला टेकून, आमच्या तीर्थरूपांची काळी सायकल उभी आहे. दोन्ही सायकली शेजारी पाहताना मनात आले की, सायकलीवर माणसाने कसे बसावे हा प्रश्न केवळ अंगाच्या सोयीचा कधीच नव्हता. कसे बसल्याने आपण कोण दिसू, हा त्यातला अर्धा भाग होता. आणि तो आमच्या पिढीतही तितकाच होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, नागपूरचे राजधानीपण गेले आणि भोपाळ राजधानी झाली. त्या उलथापालथीत नागपुराहून, तसेच ग्वाल्हेर-इंदूरकडून, जी मराठी कारकून, शिक्षक, अभियंता मंडळी येथे आली, त्यांच्या सामानात ट्रंका, पाट-वरवंटा, देव आणि सायकल एवढे हमखास असे. त्याच वर्षी येथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि मराठी बिऱ्हाडांत आणखी भर पडली. नागपूर हे सपाट गाव; तेथे सायकल म्हणजे पायांना फुटलेली चाके. भोपाळात मात्र श्यामला, ईदगाह, अरेरा अशा टेकड्या. साठच्या दशकात सचिवालय अरेरा टेकडीवरील वल्लभ भवनात गेले, तेव्हा कचेरीत जाणे म्हणजे रोज सकाळी चढ चढणे झाले.

त्या काळ्या सायकलीची घडण पाहिली म्हणजे हा चढ किती जिवावर येत असे ते समजते. वजन वीस किलोच्या आसपास, अठ्ठावीस इंची चाके, दांड्यांचे ब्रेक. पुढच्या चक्राला साधारणपणे ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाई. सपाटीवर हे प्रमाण उत्तम. चढावर ताशी आठ किलोमीटरचा वेग पडला की मिनिटाला जेमतेम चोवीस फेऱ्या होत आणि प्रत्येक फेरीला जिना चढल्यासारखा जोर लावावा लागे. त्यात बैठक सरळ ताठ. जोर लावण्यासाठी पुढे झुकावे तर हँडल छातीपाशी वळलेले. मग चढाच्या मध्यावर मंडळी शांतपणे उतरत, धोतराचा सोगा अथवा पँटची क्लिप सावरत, आणि सायकल हातात धरून चालू लागत. उतरणे कमीपणाचे मानले जात नसे. परंतु उभे राहून, कंबर हलवत पायडल मारणे हे मात्र दूधवाल्याचे लक्षण ठरे. हेड क्लार्कने असे करावे ही कल्पनाच करवत नसे! तात्पर्य, आरामशीर म्हणून गाजलेली ती बैठकही एक रूढीच होती, आणि भोपाळच्या चढावर ती पुरेशी गैरसोयीची होती.

ही रूढी आली कोठून? १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. तत्पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलीवर बसणारा तरुण धाडसी, रुबाबदार मानला जाई आणि तोंडावर आपटून दातही पाडून घेई. ठेंगण्या सायकली भित्र्यांच्या समजल्या जात. तीन वर्षांनी बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीला हवेचे रबरी टायर बसविले. हेतू साधा होता: पोराला धक्के बसू नयेत. पण १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या स्पर्धकाने बेलफास्टच्या मैदानावर तेच टायर लावून शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराच्या कडक चाकांचे दिवस संपले. आरामासाठी काढलेली युक्ती वेगाची ठरली. हा धडा सायकलीच्या जगाने नंतर वारंवार विसरून पुन्हापुन्हा गिरविला आहे.

पुढे इंग्रजी कारखान्यांनी सायकलीचे दोन वंश केले. एक शर्यतीचा, वाकलेल्या हँडलाचा. दुसरा सभ्य गृहस्थाचा, ज्यात कोटाला घडी पडत नाही, टोपी उडत नाही आणि ओळखीचे कोणी भेटल्यास मान न वळवता अभिवादन करता येते. साम्राज्यात हा दुसरा वंश पसरला. आपल्याकडे मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टी. आय., सोनीपतला १९५१ पासून अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने निघाले, पण घाट तोच राहिला. देश बदलला, रस्ते बदलले, साहेब गेला. साहेबाच्या कोटासाठी आखलेली बैठक राहिली. (अ‍ॅटलसचा शेवटचा, साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. नियतीला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल?)

फ्रान्समध्ये रूढीचा कस वेगळ्या तऱ्हेने लागला. सेंट एतिएनचा पॉल द व्हिवी, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारा संपादक, डोंगरवाटांसाठी गिअर बदलणाऱ्या सायकलींचा पुरस्कार करीत होता. 'तूर द फ्रान्स'चा जनक आंरी देग्रांज त्याच्या विरोधात उभा ठाकला. त्याचे मत असे की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचे काम. मर्दाने एकाच चक्रावर स्नायूंच्या बळावर चढावे. १९०३ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत डिरेलर गिअरना मुभा मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर पिरेनीज आणि आल्प्सचे घाट चढताना स्पर्धक उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या चक्रावर पुढे जात. आम्हांस हे वाचताना अरेऱ्याच्या चढावरील हेड क्लार्क आठवतात. आज नातवाच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर ३४ आणि २८ दात्यांचा आहे. एका फेरीत ती सुमारे अडीच मीटर चालते. देग्रांजने ज्याला म्हातारपणाचे लक्षण म्हटले, त्यावाचून आजचा कोणताही विजेता घाटात पाऊल टाकणार नाही.

याहून बोलके उदाहरण १९३३ चे. पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या स्पर्धकाने शार्ल मोशे याच्या 'व्हेलोकार'वर, म्हणजे आरामखुर्चीत रेलल्यासारखे बसून चालवावयाच्या सायकलीवर, एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून अबाधित असलेला ऑस्कर एगचा विक्रम मोडला. पाठ टेकलेली, हात मोकळे, वाऱ्याचा अडसर कमी. म्हणजे सुखही अधिक आणि वेगही अधिक. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ मध्ये काय केले? सायकल कशास म्हणावे याची व्याख्याच अशी केली की ती बैठक बाहेर पडावी. नऊ दशके लोटली तरी तो निवाडा कायम आहे. आमचा नातू ज्या बैठकीला निसर्गनियम समजतो, ती एका समितीच्या ठरावाची अपत्य आहे, हे आम्ही त्यास सांगितले. त्याने मोबाईलमधून मान वर केली, एवढेच.

महाराष्ट्रात वाकलेल्या हँडलाचे वेड पसरले त्यात मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा वाटा मोठा असावा. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यास 'घाटांचा राजा' हा किताब मिळे, आणि ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येई. शर्यतीची सायकल परवडणे तर दूरच. मग पोरे काय करीत? घरच्या काळ्या सायकलीचे हँडल सोडवून उलटे बसवीत. मडगार्ड माळ्यावर, चेनकव्हर माळ्यावर, आणि स्वारी नाकाने पुढचे चाक हुंगत निघे. आमच्याही वाड्यात हे घडले आहे. दांड्यांचे ब्रेक उलट्या हँडलावर नीट लागत नसत, म्हणून बुटाचा तळवा टायरला घासून थांबावे लागे. पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा उभा पट्टा उमटे. तीर्थरूपांनी तो पट्टा पाहिला त्या दिवशी हँडल पुन्हा सुलटे झाले. त्या प्रसंगाचे अधिक वर्णन येथे करण्याचे कारण नाही.

स्त्रियांच्या वाट्याला रूढी वेगळ्या रूपाने आली. दांडा खाली घेतलेली 'लेडीज' सायकल ही घागऱ्यासाठी निघाली आणि आपल्याकडे पाचवारी साडीला सोयीची ठरली. गंमत अशी की कासोट्याचे नऊवारी लुगडे घोड्यावर चालत असे, तर ते दांड्याच्या सायकलीवरही चालले असते. परंतु सायकल चालविण्याइतकी जी शिकली, तिने नऊवारी सोडलेली होती. पुण्यात शाळा-कॉलेजांच्या वाटेवर मुलींचे जथे सायकलवरून जात, तसे भोपाळात फार दिसले नाहीत. त्यात टेकड्यांचा दोष किती आणि लोकांच्या नजरांचा किती, हे आमच्या भगिनीवर्गाने लिहावे.

असो. खरा मुद्दा आमच्या स्वतःच्या मनगटांचा आहे. सायकल पाहून आम्हांसही मोह झाला, हे कबूल करावयास हवे. शहरातील एका दुकानात आम्ही अशीच एक सायकल पसंत केली. दुकानदाराने उंची पाहिली, वय विचारले नाही. हँडलखालच्या सगळ्या कड्या काढलेल्या होत्या; "यही चलता है, अंकल" असे उत्तर मिळाले. मोठ्या तलावाच्या काठाने आठ दिवस फेऱ्या झाल्या आणि नवव्या दिवशी चहाचा कप धरताना उजव्या हाताची करंगळी व अनामिका आमच्या मालकीची नव्हती. तळहातावर शरीराचा भार पडून तेथील मज्जातंतू दबतो. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंना ही व्याधी परिचित आहे. डॉक्टरांनी सायकल सोडा म्हणून सांगितले. चाळीस वर्षे ज्या वाहनाने घर चालविले ते सोडण्याचा सल्ला दोन बोटांपायी मिळावा, याचे वाईट वाटले.

मग आम्ही वाचू लागलो आणि आढळले की जे खरोखर दूर जातात ते शोभेची पर्वा करीत नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' सुमारे ४८०० किलोमीटरची. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. या शर्यतीत मान उचलून धरणारे स्नायू इतके थकतात की डोके छातीवर लोंबू लागते. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर यास हे झाले, म्हणून त्या विकारालाच त्याचे नाव पडले. अशा वाटेवर हँडल किती खाली आहे याची फुशारकी कोणी मारत नाही. १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या फेरीतही दिवे सक्तीचे आहेत आणि मडगार्ड लावलेल्या सायकली अभिमानाने मिरवतात. व्यावसायिक शर्यतींतले टायरसुद्धा गेल्या काही वर्षांत २३ मिलिमीटरवरून २८ आणि ३० वर आले आहेत. खडबडीत रस्त्यावर रुंद, किंचित मऊ टायरमुळे हादऱ्यांत वाया जाणारी शक्ती वाचते. डनलॉपच्या पोराला हे १८८८ मध्येच कळले होते.

सीटच्या उंचीच्या बाबतीत मात्र नातवाचा पंथ बरोबर निघाला, हेही नोंदविले पाहिजे. आमची पिढी दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवी आणि साठीत गुडघे धरून बसे. पायडल तळाशी असता गुडघा पंचवीस ते पस्तीस अंशांतच वाकलेला राहावा, असे शास्त्र आहे. मांडीपासून जमिनीपर्यंतच्या मापाला ०.८८३ ने गुणावे आणि तेवढे अंतर मधल्या धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे, हा फ्रेंच प्रशिक्षक गिमार यांचा ठोकताळा ग्रेग लेमाँडने लोकप्रिय केला. आम्ही शिंप्याची टेप घेऊन माप काढले. तीर्थरूपांच्या सायकलीची सीट चार बोटे वर गेली आणि अरेऱ्याचा चढ, काय आश्चर्य, पूर्वीइतका उभा राहिला नाही.

जून २०१७ मध्ये भोपाळात पाचशे सायकलींची सार्वजनिक भाडेयोजना सुरू झाली, तेव्हा त्या सायकली ताठ बैठकीच्या, मडगार्डवाल्या, पुढे टोपली असलेल्या होत्या. नियोजनकर्त्यांना सामान्य माणूस आठवला होता. सायकल चालण्यास मात्र आणखी एक गोष्ट लागते, ती सावली. २०२४ च्या जूनमध्ये शिवाजी नगर आणि तुलसी नगर येथील सुमारे २९ हजार झाडे लोकप्रतिनिधींच्या नव्या निवासांसाठी जाणार असे कळले, तेव्हा येथले रहिवासी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि शासनाने तो प्रस्ताव मागे घेतला. त्या गर्दीत आम्ही होतो, काळ्या सायकलीवरून गेलो होतो.

आमच्या नव्या सायकलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. हँडलाखाली तीन कड्या घातल्या, हँडलाची मान उलटी करून वर वळविली, टायर रुंद केले, आणि पुण्याहून मागविलेले मडगार्ड लावले. बोटे महिन्याभरात परत आली. नातवाने ती सायकल चोहोबाजूंनी पाहिली आणि "आजोबा, माझ्या मित्रांसमोर ही काढू नका" अशी विनंती केली. आम्ही ती मान्य केली आहे. तो पाच वाजता निघतो, आम्ही साडेपाचला. परवा मात्र रात्री पाऊस होऊन गेला होता. सकाळी व्हरांड्यात पाहतो तो नातवाची सायकल जागेवर आणि आमची गायब.