खाज थांबली म्हणजे दाद गेली असे नाही. स्टेरॉइडच्या मिश्र ट्यूबबद्दल हे माहीत असू द्या

वारासिवनी : रोवणीचे दिवस आले की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "भाऊ, ती दाद-खाजेची ट्यूब द्या." बांधीत दिवसभर गुडघाभर चिखल, अंगावर ओले कपडे, वरून दमट हवा. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टे उठतात. डॉक्टरची चिठ्ठी बहुतेक वेळा नसतेच. ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत खाज थांबते. मग लावणे बंद होते, आणि काही दिवसांनी तोच चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, कारण "मागच्या वेळी याच औषधाने फरक पडला होता".

फरक पडला होता हे खरे. पण तो कशाचा, हे समजून घ्यायला हवे.

ट्यूबमध्ये असते काय?

या मलमांत दोन, तीन, कधी चार औषधे एकत्र असतात. पहिले स्टेरॉइड. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांची नावे. दुसरे अँटिबायोटिक, म्हणजे निओमायसिन, जेंटामायसिन किंवा फ्युसिडिक अॅसिड. काहींत त्यासोबत क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा टर्बिनाफिन हे बुरशीवरचे औषधही असते. घरोघरी माहीत असलेल्या बेटनोव्हेट-एन मधला 'एन' म्हणजे निओमायसिन. साधी ट्यूब आणि 'एन'ची ट्यूब एकच समजून वापरणारे पुष्कळ आहेत.

दाद, म्हणजे आपल्याकडचे गजकर्ण किंवा नायटा, हा बुरशीचा रोग. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही. स्टेरॉइड तर रोग मारतच नाही. शरीर बुरशीशी लढते तेव्हा लाली, सूज आणि खाज येते. स्टेरॉइड ही लढाईच थांबवते. वरून चामडी शांत दिसते, आतून बुरशीला मोकळे रान मिळते. चट्ट्याची गोल कडा पुसट होते, आकार बदलतो आणि मग डॉक्टरलाही पहिल्या नजरेत दाद ओळखता येत नाही. तीन औषधांच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतेच ना, असे कोणी म्हणेल. असते, पण खाज थांबताच माणूस ट्यूब ठेवून देतो, तेव्हा बुरशी अर्धवट मेलेली असते.

नुकसान कुठे होते

जांघ, काख, चेहरा आणि पापण्या येथील कातडी पातळ असते, तिथे स्टेरॉइड जास्त मुरते. महिनोन् महिने लावल्यास कातडी आणखी पातळ होते, जांघेत लाल-जांभळ्या रेघा उमटतात. या रेघा कालांतराने फिक्या होतात, पण पूर्ण जात नाहीत. डोळ्यांभोवती सतत लावले तर काचबिंदू किंवा मोतीबिंदूचा धोका असतो. लहान बाळाच्या लंगोटाखाली तर हे मलम स्वतःच्या मनाने लावूच नये. लंगोट झाकणासारखा काम करतो आणि औषध अंगात उतरते.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळाच आहे. लग्नसराईत गोरेपणासाठी, मुरुमांसाठी, वांगासाठी हीच मलमे लावली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो. सोडले की आग, लाली आणि पुरळ, म्हणून पुन्हा लावायचे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2,926 रुग्ण तपासले गेले. त्यातले 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि त्यापैकी 257 जणांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. मैत्रीण, नातेवाईक, दुकानदार, ब्युटी पार्लर, सल्ला असाच कुठून कुठून येतो. वर्षानुवर्षे लावणाऱ्याने मात्र ट्यूब एका दिवसात फेकून देऊ नये, डॉक्टरला विचारून कमी करत आणावी.

निओमायसिनची काहींना अॅलर्जी होते. जखम भरत नाही म्हणून जास्त लावतात, आणि ती चिघळते ती मलमामुळेच.

कायदा काय म्हणतो

मार्च 2018 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बीटामेथासोन, बेक्लोमेथासोनसह 14 स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. तोपर्यंत बाहेरून लावायच्या औषधांना जी सूट होती ती या 14 मलमांपुरती संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली कित्येक मलमे त्यात होती. आयएडीव्हीएल ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्याआधीपासून या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवत होती. ट्यूबवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीचेच. रेघ कागदोपत्री आहे, काउंटरवर किती पाळली जाते ते ज्याचे त्याला माहीत.

दरम्यान बुरशीही बदलली आहे. भारतात पसरलेल्या एका हट्टी प्रकाराला 2020 मध्ये जपानमधील संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध त्यावर अनेकदा चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही त्याचे रुग्ण नोंदले गेले.

मग हे मलम कधी योग्य?

एक्झिमा, म्हणजे इसब, खाजवून खाजवून पिकला असेल, त्यात जिवाणूंचा संसर्ग झाला असेल, तेव्हा डॉक्टर स्टेरॉइड-अँटिबायोटिक मलम देतात. तेही थोडे दिवस, साधारणपणे एक ते दोन आठवडे. मापही ठरलेले आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत दाबून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या दोन हातांच्या पंजांएवढ्या जागेला पुरते. दिसेल तेवढी ट्यूब पिळायची नसते.

दादीसाठी फक्त बुरशीनाशक मलम, पसरली असेल तर गोळ्या, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे उपचार चालू. घरात दोघा-तिघांना असेल तर सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे, नाहीतर एकाची दाद दुसऱ्याकडे फिरत राहते. टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात. रोवणीच्या दिवसांत उन्हाची वाट पाहावी लागते, तेव्हा निदान चुलीजवळ पूर्ण वाळवून मगच घालावेत. घट्ट जीन्स या काळात खुंटीवर राहिलेली बरी.

फिका किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, गरम-थंड जाणवत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर कुठलीही ट्यूब लावत बसू नये. शासकीय दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या पिळलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. नाव आठवत नाही म्हणून "पांढरी होती, निळ्या झाकणाची" असे सांगून भागत नाही. काय काय लावले ते कळले तरच दाद कशाने लपली होती, हे त्यांना उमगते.