मॉलचं मूळ गाव

वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी खरेदीला सुखाने बाहेर पडता येईल असे दिवस फक्त १२६. मिनियापोलिसच्या हवामानाचा हा हिशेब १९५०च्या दशकात व्हिक्टर ग्रुएन या वास्तुकाराने डेटन बंधूंपुढे मांडला आणि बंदिस्त मॉलचं बीज तिथे पडलं. मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर टोकाचं राज्य. जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो, फुटपाथवर बर्फाचे ढीग साचतात. जुलैत त्याच रस्त्यांवर माणसं घामाघूम होतात. अशा हवेत लोकांना दुकानापर्यंत आणायचं कसं, हा डेटन बंधूंचा रोजचाच प्रश्न होता.

हे बंधू पाच. आजोबांनी १९०२ साली मिनियापोलिसमध्ये सुरू केलेलं ‘डेटन्स’ हे डिपार्टमेंट स्टोअर ते चालवत. निकोलेट अव्हेन्यूवर, ऐन शहरात, नावाजलेली पेढी. पण महायुद्धानंतर गिऱ्हाईक शहर सोडून निघालं होतं. परतलेल्या सैनिकांनी स्वस्त कर्जावर उपनगरांत घरं घेतली, दाराशी मोटार आली आणि दर शनिवारी शहरात जाऊन पार्किंगसाठी चकरा मारण्याचा उत्साह मावळला. गिऱ्हाईक दुकानाकडे येत नसेल तर दुकानाने गिऱ्हाइकाकडे जायचं, असं डेटन बंधूंनी ठरवलं. शहराच्या नैर्ऋत्येला ईडायना नावाचं सुखवस्तू उपनगर होतं. त्याच्या कडेची शेतजमीन त्यांनी घेतली आणि १९५२ साली तिथल्या बाजारसंकुलाची घोषणा केली. त्याचं नाव साउथडेल.

ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. जन्म १९०३चा, घराणं ज्यू, मूळ आडनाव ग्रुनबाउम. दिवसा वास्तुकाराचं काम आणि रात्री राजकीय विडंबनाच्या कॅबरेत लेखन-अभिनय, असं त्याचं तरुणपण गेलं. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर तो पळाला आणि न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्याच्याजवळ वास्तुकलेची पदवी आणि आठ डॉलर होते. इंग्रजी येत नव्हतं. वर्षभरात त्याने फिफ्थ अव्हेन्यूवर एका चामडी वस्तूंच्या दुकानाची दर्शनी बाजू नव्याने रचली. प्रदर्शनाच्या काचा त्याने फुटपाथपासून आत ओढून घेतल्या आणि दारासमोर एक छोटा आडोसा तयार केला. घाईत चाललेला माणूस तिथे वळायचा, थबकायचा, आणि दुकानात शिरायचा. त्याच्या पुढच्या साऱ्या कामाची गुरुकिल्ली मला त्या आडोशात दिसते. माणसाची चाल मंदावली की व्यवहार होतो, हे दुकानदाराला कळतं. माणसाची चाल मंदावली की गावही होतं, असं ग्रुएनचं म्हणणं होतं. ही दोन्ही ध्येयं एकाच छपराखाली नांदतील, यावर त्याचा मनापासून विश्वास होता.

उपनगरी बाजारसंकुल ही काही त्याने शोधलेली चीज नव्हे. कॅन्सस सिटीत जे. सी. निकल्स याने १९२०च्या दशकातच मोटारवाल्या गिऱ्हाइकांसाठी कंट्री क्लब प्लाझा उभा केला होता. १९५० साली सिएटलच्या नॉर्थगेटमध्ये दुकानांच्या दोन रांगा समोरासमोर आणून मधला रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला गेला. खुद्द ग्रुएनने १९५४ साली डेट्रॉइटजवळ नॉर्थलँड हे प्रचंड संकुल बांधलं. मधोमध हडसन्सचं डिपार्टमेंट स्टोअर, भोवती लहान दुकानं, त्यांच्यामधून बागा, कारंजी, शिल्पं. त्या काळी जगातलं सर्वांत मोठं बाजारसंकुल म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण ही सगळी ठिकाणं उघड्या आभाळाखालची होती. एका दुकानातून दुसऱ्यात जायचं तर पाऊस, बर्फ, ऊन झेलणं आलंच.

८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल उघडलं तेव्हा लोकांनी काय पाहिलं? बाहेरून जवळजवळ काहीच नाही. लांबच लांब कोऱ्या भिंती, त्यांवर दुकानांची नावं, आणि भोवती ५,२०० मोटारींचं मैदान. आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखी ही रचना होती: रस्त्याकडे पाठ आणि सगळं वैभव आतल्या चौकात. त्याआधीच्या संकुलांतली दुकानं पार्किंगकडेही तोंड करून असत, तिकडूनही आत शिरता येई. इथे मात्र सगळ्या ७२ दुकानांची तोंडं आत वळवलेली. बाहेरची थंडी दाराशीच थांबवल्यामुळे आतल्या दुकानांना दारांचीही गरज उरली नाही. दर्शनी बाजू सताड उघडी ठेवता आली आणि चालता चालता माणूस कधी दुकानात शिरला हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं.

मधला चौक हे साउथडेलचं खरं अप्रूप. त्याला ‘चिरवसंताचा उद्यानचौक’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. वर काचेच्या छतातून उजेड, खाली मासे सोडलेलं तळं, छोटं कॅफे, सज्जांवरून लोंबणारी झाडं, रंगीत पक्ष्यांनी भरलेला २१ फुटी पिंजरा आणि हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडवलेले धातूचे उंच सोनेरी वृक्ष. हवा बारा महिने साधारण २४ अंशांवर राखलेली. बाहेर हिमवादळ चालू असताना मिनेसोटातली बाई अंगावरचा जाडजूड कोट उतरवून कॅफेत बसली आहे आणि शेजारी पक्षी किलबिलताहेत, हे दृश्य तोवर कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी हजारोंची झुंबड उडाली.

मला या इमारतीतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते ती तिचे दोन मजले. तोवरची बहुतेक संकुलं एकमजली होती, कारण वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही हा व्यापाऱ्यांचा अनुभव. पण एकमजली पसरत गेलं की चालून पाय दुखतात. ग्रुएनने पार्किंगच दोन पातळ्यांवर केलं. कुणी खालच्या मैदानातून खालच्या मजल्यावर शिरे, कुणी वरच्या मैदानातून थेट वरच्या मजल्यावर. दोन्ही मजले तळमजलेच झाले. मध्ये सरकते जिने. ८ लाख चौरस फुटांची इमारत त्यामुळे चालायला आटोपशीर राहिली. दोन टोकांना डेटन्स आणि डोनाल्डसन्स ही दोन प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर्स ठेवली. एकाच छपराखाली दोन वैरी, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पण दोघांच्या मधून गिऱ्हाईक ये-जा करत राहिलं आणि मधली लहान दुकानं त्या वर्दळीवर जगली. आजही मॉल आखताना हाच नियम पाळतात. मोठं दुकान टोकाला, लहान दुकानं वाटेवर.

फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकी वास्तुकाराने त्याच वर्षी साउथडेल पाहिलं आणि त्याला ते अजिबात रुचलं नाही. खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष इथे आहेत आणि गोडवा मात्र नाही, असा त्याच्या टीकेचा सूर होता. वृत्तपत्रांनी मात्र साउथडेलला डोक्यावर घेतलं.

खुद्द ग्रुएनच्या लेखी मात्र मॉल हा आराखड्याचा एक तुकडा होता. त्याच्या नकाशात ४६३ एकर जमीन होती. मधोमध मॉल आणि त्याच्या भोवती घरं, इमारतींतले फ्लॅट, शाळा, वैद्यकीय केंद्र, बाग, तलाव. विखुरलेल्या उपनगराला नसलेला मध्यबिंदू त्याला द्यायचा होता. माणसं चालत येतील, चौकात भेटतील, संगीत ऐकतील, आणि जाता जाता खरेदीही करतील. पण मॉल उभा राहताच भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. ती तुकड्यातुकड्याने, ज्याला जशी हवी तशी विकली गेली. नफा देणारा भाग आधी बांधला गेला आणि एकसंध गावाचा नकाशा कागदावरच राहिला. ग्रुएनचं पुढचं सगळं दुःख इथून सुरू होतं, आणि माझ्या मते मॉलच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच आहे. जगाने साउथडेलकडे पाहिलं तेव्हा त्याला इमारत दिसली, आराखडा दिसला नाही.

नक्कल व्हायला वेळ लागला नाही, आणि त्यामागे फक्त लोकांची आवड नव्हती. १९५४ साली अमेरिकी काँग्रेसने आयकराच्या कायद्यात वेगवान घसाऱ्याची सोय केली. नवी व्यापारी इमारत बांधणाऱ्याला तिच्या झिजेचा मोठा वाटा पहिल्याच वर्षांत खर्च म्हणून दाखवता येऊ लागला. हातात भाडं येतंय आणि कागदावर तोटा दिसतोय, असा तो हिशेब. जुनं दुरुस्त करण्यापेक्षा मोकळ्या रानात नवं बांधणं पैसेवाल्यांना परवडू लागलं. जून १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि ४१,००० मैलांच्या रस्त्यांचं काम हाती घेतलं गेलं. घसाऱ्याने पैसा पुरवला, महामार्गांनी जागा. गावोगावच्या वेशीबाहेर कोऱ्या भिंतींच्या पेट्या उभ्या राहिल्या. चौक आणि पक्षी वगळले तरी चालतात, हे विकसकांच्या लवकरच लक्षात आलं.

मिनियापोलिस शहर गप्प बसलं नाही. साउथडेलकडे पळालेलं गिऱ्हाईक परत आणायला तिथल्या व्यापाऱ्यांनी इमारतींना दुसऱ्या मजल्याच्या पातळीवर बंद, उबदार पुलांनी जोडायला सुरुवात केली. पहिला पूल १९६२ साली झाला. आज ते जाळं सुमारे १५ किलोमीटरचं आहे. १९६७ साली निकोलेट अव्हेन्यूच्या गाभ्यातून खासगी मोटारी हटवून तिथे पादचाऱ्यांचा रस्ता केला गेला. उपनगराने शहराचा चौक उचलून नेला होता आणि आता शहर उपनगराचं छप्पर उसनं घेत होतं.

आकाराचं म्हणाल तर साउथडेलच्या अंगणातच त्याला मागे टाकणारा वारस जन्मला. ईडायनाहून मोटारीने पंधरा-वीस मिनिटांवर ब्लूमिंग्टन आहे. तिथलं बेसबॉल आणि फुटबॉलचं जुनं स्टेडियम पाडून ११ ऑगस्ट १९९२ रोजी ‘मॉल ऑफ अमेरिका’ उघडला. बांधणारे गर्मेझियन बंधू. मूळ इराणचं, गालिच्यांच्या व्यापारातलं हे कुटुंब. त्यांनी १९८१ साली कॅनडात वेस्ट एडमंटन मॉल बांधून बंदिस्त बाजारात करमणूक नगरी घुसवली होती. नव्या मॉलचा पसारा ४० लाख चौरस फुटांच्या वर, म्हणजे साउथडेलच्या पाचपट. मोटारींना १२ हजारांवर जागा, आणि साउथडेलच्या उद्यानचौकाच्या जागी पाळणे आणि रोलर कोस्टर असलेलं सात एकरांचं आवार. या अवाढव्य इमारतीत मधल्या सार्वजनिक भागाला तापवणारी केंद्रीय यंत्रणा नाही. छताच्या काचांतून येणारं ऊन, दिव्यांची धग आणि हजारो माणसांच्या शरीरांची ऊब, एवढ्यावर मिनेसोटाचा हिवाळा निभतो. साउथडेलने माणसांसाठी हवा तापवली, इथे माणसंच हवा तापवतात. आकार वाढला की गोष्टीचा स्वभावही कसा बदलतो, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

मॉल पुढे आपल्याकडेही आला. मुंबईत हाजीअलीला १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल उघडला तेव्हा गर्दी इतकी लोटली की काही काळ आत शिरायला मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर प्रवेशशुल्क भरावं लागे. ग्रुएनच्या चौकाला असा पहारेकरी नव्हता. पण मुंबईने नवा अन्याय शोधला असंही म्हणता येत नाही. ईडायनातल्या कंट्री क्लब वस्तीच्या खरेदीखतांत १९२०च्या दशकापासून अशी कलमं होती की गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये. मोटारीशिवाय पोहोचता न येणाऱ्या आणि मोटारीच्या टप्प्यात कुणी राहायचं हे आधीच ठरून गेलेल्या ठिकाणाला सार्वजनिक चौक म्हणणं मला जड जातं. ग्रुएनच्या हेतूबद्दल मला आदर आहे. त्याच्या चौकाभोवतीचं कुंपण मात्र जमिनीच्या कागदांत होतं, आणि ते कोणत्याही वास्तुकाराच्या हातात नव्हतं.

१९६८ साली ग्रुएन व्हिएन्नाला परतला. शहराचा जुना गाभा मोटारींपासून सोडवण्याच्या कामात त्याने लक्ष घातलं. कॅर्न्टनर स्ट्रासे हा तिथला मुख्य रस्ता १९७४ साली पादचाऱ्यांना मिळाला. आणि १९७६ साली त्याच व्हिएन्नाच्या दक्षिण वेशीवर, महामार्गाच्या कडेला, ‘शॉपिंग सिटी झ्यूड’ हा प्रचंड मॉल उघडला. ज्या छोट्या दुकानांच्या गल्ल्यांत तो लहानाचा मोठा झाला, त्यांचं गिऱ्हाईक ओढायला त्याचीच कल्पना घरापर्यंत आली होती. १९७८ साली लंडनच्या भाषणात त्याने आपल्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या भलत्या संततीची पोटगी द्यायला साफ नकार दिला. १९८०च्या फेब्रुवारीत तो गेला.

डेट्रॉइटजवळचं त्याचं नॉर्थलँड २०१५ साली बंद पडलं. साउथडेल अजून चालू आहे आणि बर्टोयाचे सोनेरी वृक्षही जागेवर आहेत. पण डिपार्टमेंट स्टोअरच्या भरवशावर आता मॉल जगत नाही. एका टोकाचं जे. सी. पेनी हे डिपार्टमेंट स्टोअर पाडून तिथे २०१९च्या अखेरीस मोठा व्यायाम क्लब उघडला. पार्किंगच्या मैदानाच्या कडेला हॉटेल आलं, फ्लॅटच्या इमारती आल्या. हे विकसकांनी ग्रुएनच्या प्रेमापोटी केलेलं नाही, रिकामी पडलेली पार्किंगची जमीन त्यांना खुपत होती. तरी साउथडेलला लागून राहणारी, गाडीला हात न लावता चालत त्या चौकात जाऊ शकणारी माणसं त्यामुळे तिथे आली, मॉल उघडल्याला साठेक वर्षं होत आल्यावर.