झेनोपस : जनुकसंचाचे द्विगुणन आणि प्रतिकारक जनुके

झेनोपस ही सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील बेडकांची प्रजाती. मागच्या पायांच्या बोटांना नखे असलेले हे बेडूक जवळजवळ सारे आयुष्य पाण्यात काढतात. संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्यावर रोगप्रतिकाराच्या जनुकांचे काय होते, हे तपासायला पृष्ठवंशी प्राण्यांत इतका सोयीचा गट क्वचितच सापडतो. २० गुणसूत्रांच्या झेनोपस ट्रॉपिकॅलिसपासून १०८ गुणसूत्रांच्या झेनोपस रुवेन्झोरिएन्सिसपर्यंत द्विगुणनाच्या अनेक पायऱ्या या एकाच प्रजातीत आजही नांदत आहेत.

प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा झेनोपस लेव्हिस ३६ गुणसूत्रांचा, म्हणजे चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला) आहे. त्याचा जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन वंशांचा पुढे, अंदाजे १.७ ते १.८ कोटी वर्षांपूर्वी, संकर झाला आणि दोघांचे संच एकत्र राहिले. त्यांना एल आणि एस उपसंच म्हणतात. निम्म्याहून अधिक जनुकांच्या दोन्ही प्रती टिकल्या आहेत. गळती झाली ती मुख्यतः एस संचात.

प्रतिकारक जनुकांत सर्वांत लक्षवेधी वर्तन एमएचसी संकुलाचे. रोगजंतूंच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून टी पेशींना दाखवणारे रेणू या संकुलातून घडतात. लेव्हिसमध्ये ते आठव्या गुणसूत्राच्या एल जोडीवर आहे. एस जोडीवरील त्याची मूळ जनुके नाहीशी झाली आहेत. त्यामुळे चतुर्गुणित असूनही हा बेडूक एमएचसीपुरता द्विगुणितासारखा, म्हणजे दोनच संच असल्यासारखा, वागतो. रुवेन्झोरिएन्सिसमध्ये तर गुणसूत्रांचे बारा संच असतात, तरीही एमएचसीची अभिव्यक्ती द्विगुणितच. बाझेलच्या इम्युनॉलॉजी संस्थेतील लुई द्यू पास्किए आणि सहकाऱ्यांच्या कामातून हे पुढे आले. प्रयोगशाळेत संकराने नव्याने घडवलेल्या बहुगुणित बेडकांत मात्र सगळ्या प्रती व्यक्त होतात. म्हणजे जादा प्रती दुप्पट होताक्षणी मुक्या होत नाहीत, पिढ्यानुपिढ्यांच्या निवडीत त्या बाद होतात.

एमएचसीचे प्रकार वाढले तर अधिक रोगजंतू ओळखता यावेत, असे वाटणे साहजिक आहे. पण हेच रेणू शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडेही दाखवतात, आणि त्यांना प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी थायमस ग्रंथीत नष्ट केल्या जातात. एमएचसी वाढले की ही छाटणी वाढते. बेडकाच्या डिंभात (टॅडपोलमध्ये) टी पेशींसारख्या लसीकापेशी मुळातच थोड्या. तिथे हा तोटा अधिक बोचतो. हे स्पष्टीकरण अजून गृहीतकाच्या पातळीवर आहे, पण उपलब्ध पर्यायांत तेच सर्वांत पटणारे.

त्वचेतील जंतुनाशक पेप्टाइडांची गोष्ट उलट आहे. मायकेल झासलॉफ यांनी १९८७ मध्ये लेव्हिसच्या त्वचेतून मॅगेनिन वेगळे केले. या पेप्टाइडांचा वंश पचनसंस्थेतील कोलेसिस्टोकायनिन-गॅस्ट्रिन गटातील संप्रेरकांच्या जनुकापर्यंत मागे जातो, आणि तो फोफावला तो एकेका जनुकाच्या स्थानिक द्विगुणनातून. इथे जादा प्रतीवर थायमसची छाटणी नाही. नवा प्रकार जंतूला मारत असला की त्याचा उपयोग ठरलेला.

सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये द्विगुणनाला उत्क्रांतीचा मोठा कच्चा माल म्हटले. झेनोपस त्याला एक मर्यादा घालतो : प्रतिकारक जनुकांत मारक रेणूंच्या जादा प्रती टिकतात, पण ‘आपले’ आणि ‘परके’ ओळखण्याचे काम करणाऱ्या एमएचसीची संख्या पुन्हा दोनवर येते.